खाटांच्या भट्टीतले दांडे

दसरा, १९५५

आज लालबागच्या गाळ्यात लोखंड आवळायच्या व्हाइसला झेंडू वाहिला आणि आमचा कारखाना सुरू झाला. कारखाना मीच म्हणतो. आई त्याला खोपटं म्हणते.

गिरणीच्या मशिनशॉपात मी आणि कोंडीराम इतकी वर्षं शेजारी शेजारी उभे राहून दुसऱ्याची चाकं दुरुस्त करत आलो. आता आपलं काहीतरी करू, हे त्याचंच म्हणणं. लढाईच्या काळात तो विमानं दुरुस्त करायच्या डेपोत होता. मोडीत काढलेल्या विमानांच्या नळ्या नि पट्ट्या अजून कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे पडून आहेत, आणि त्या धातूची कदर कुणाला नाही, असं तो सांगतो. ड्युराल्युमिन म्हणतात त्याला. अॅल्युमिनियमच, पण आत थोडं तांबं मिसळलेलं. हातात घेतलं तर जर्मलच्या पातेल्यासारखं हलकं, ताकदीला लोखंडाच्या जवळ जाणारं. माल तो आणणार, गिऱ्हाईक मी आणणार, काम दोघांनी करायचं, असं ठरलं.

आईने पेढे वाटले. कोंडीरामला तिने दाराशीच दिला, वरून हातावर सोडला. त्याने घेतला, कपाळाला लावला. आई जुन्या वळणाची आहे. त्याला त्याचं काही वाटत नाही, इतक्या वर्षांची ओळख आहे.

२२ नोव्हेंबर १९५५

काल फाउंटनला गोळीबार झाला. आम्ही दोघे संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात होतो. अश्रुधुराने मला काही दिसेनासं झालं आणि मी चुकीच्या बाजूला, पोलिसांच्याच दिशेने चालायला लागलो. कोंडीरामने मला मानगुटीला धरून एका इमारतीच्या जिन्यात ओढलं. मग आवाज आले. आधी मला ते फटाके वाटले. किती गेले कुणी नक्की सांगत नाही. परत येताना आम्ही भायखळ्यापर्यंत पायीच चाललो.

आज सगळं बंद. गाळ्यात जाऊन बसलो, पण हाताला काम सुचेना.

९ डिसेंबर

पहिलं मोठं काम मिळालं. काळाचौकीला दवाखान्याच्या लोखंडी खाटा बनवतात, त्या कारखान्यात माझी धाकटी बहीण शेवंती हिचा नवरा कुशाबा रंगाच्या भट्टीवर आहे. मीच त्याला तिथे चिकटवला होता. खाटेला रंग मारला की ती लांब दांड्याला टांगून भट्टीत सोडतात. भट्टी म्हणजे एक मोठी लोखंडी खोलीच. आत रंग भाजून दगडासारखा घट्ट होतो. दांडे भरीव लोखंडाचे, एक उचलायला दोन माणसं लागतात, ती दिवसभर उचलून उचलून वाकतात. कुशाबाच्या पाठीने त्याला रडकुंडीला आणलं आहे.

मी मॅनेजर वागळ्यांना भेटून सांगितलं की असा दांडा देतो, जो एक माणूस खांद्यावर टाकून चालू लागेल. ते म्हणाले, दाखवा. कोंडीरामने नमुना केला. वागळ्यांनी तो दोन खुर्च्यांवर आडवा टाकला आणि त्यावर दोन हमाल उभे केले. दांडा हलला नाही.

कोंडीरामने मला विचारलं, भट्टी किती तापते. मी म्हटलं, रंग वाळण्याइतकी. त्याने नमुन्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, विमानाचं इंजिनही तापतंच की.

२५ जानेवारी १९५६

आठवडाभर संचारबंदी. मुंबई महाराष्ट्राला नाही म्हटल्यावर जे झालं ते इथे लिहीत नाही. लालबागच्या नाक्यावर अजून काचा आहेत. मधे दोन दिवस कोंडीराम नायगावहून गल्लीबोळांतून येऊन गेला, डोक्यावर भाकरीचं फडकं बांधलेलं. मीराबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, माझ्यासाठीही भाकरी दिली होती. दार आतून लावून आम्ही हलक्या हाताने दांडे कापत बसलो. बाहेर लोक घोषणा देत पळत आणि त्यांच्या मागून बूट पळत. कोंडीराम म्हणाला, मुंबई मिळेल. दांडेही होतील.

भाकरी मी खाल्ली. आईला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

१८ फेब्रुवारी

दांडे लागले. कुशाबाने एकट्याने खांद्यावर दांडा टाकला आणि भट्टीपाशी नाचून दाखवलं. शेवंती संध्याकाळी घावणे घेऊन आली. म्हणाली, “दादा, ते आज पहिल्यांदा पाठ न चोळता जेवले.”

खूप बरं वाटलं.

१३ मे

उकाडा फार. दुपारी काम थांबवून पाणी पीत बसलो होतो तेव्हा कोंडीरामने डेपोतली एक गोष्ट सांगितली. विमानाचे पत्रे जोडायला मारायचे ड्युराल्युमिनचे रिव्हेट तिथे आधी भट्टीतून काढून पाण्यात विझवत आणि मग बर्फाच्या पेटीत ठेवत. बर्फात असेतो ते मऊ राहत. बाहेर काढून तसेच ठेवले की दोनचार दिवसांत आपोआप कडक होत. कुणी हात न लावता.

मी हसलो. लोखंड गंजतं, लाकूड फुगतं, पण पडल्या पडल्या कडक होणारा धातू मी ऐकलेला नाही. तो म्हणाला, मीही कारण विचारलं होतं, साहेबाने सांगितलं नाही. लढाईतून आलेली माणसं तिखटमीठ लावतात. त्याचा स्वभाव तसा नाही, पण ही गोष्ट तशीच असावी.

५ ऑगस्ट

दिल्लीत ठरलं म्हणे, मुंबई आणि गुजरात मिळून एकच मोठं राज्य. म्हणजे मिळाली की गेली? नाक्यावर दोन्ही बाजूंनी भांडत होते आणि मला दोघांचंही पटत होतं.

कुशाबा जेवायला आला होता. म्हणाला, मागच्या भिंतीकडचे काही दांडे मधे झोळ आल्यासारखे दिसतात. मी म्हटलं, खाटा जास्त टांगता तुम्ही. तो म्हणाला, पुढच्या दारापाशी तेवढ्याच टांगतो, तिथले सरळ आहेत. मग आईने आमटी वाढली आणि विषय राहून गेला.

३ सप्टेंबर

कुशाबाच्या पायावर खाट पडली.

भट्टी उघडून खाटा काढताना मागच्या बाजूचा दांडा वाकला, आकडे घसरत एका बाजूला गेले, आणि तापलेली खाट खाली उभ्या कुशाबाच्या पायावर आली. पाऊल चिरडलं, पोटरी भाजली. परळच्या इस्पितळात आहे. डॉक्टर म्हणतात पाय राहील, बोटांचं सांगत नाहीत. शेवंती एका जागी बसून आहे, रडतही नाही. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं.

कोंडीराम माझ्याआधी पोचला होता. इस्पितळाच्या पायरीवर बसून होता. मला पाहून उभा राहिला पण बोलला काही नाही. त्याला काय बोलायचं होतं, हे माझ्या मनात घोळतं आहे.

६ सप्टेंबर

वागळ्यांनी वाकलेले दांडे गाळ्यावर पाठवले. जुने लोखंडी पुन्हा लावले, आमचे दारापाशी जे सरळ होते तेवढे ठेवले.

एक वाकलेला दांडा मी गुडघ्यावर ठेवून दाबला. तो आणखी वाकला. माझ्या गुडघ्यावर! ज्याच्यावर दोन हमाल उभे होते तो हा नव्हे. कोपऱ्यात उरलेली एक नळी होती, तीही अशीच दाबून पाहिली. गुडघा दुखला, नळी तशीच. दोन्हींचा रंग एक, जाडी एक, वजन एक.

कोंडीरामलाही दाबून पाहायला सांगितलं. त्याने दोन्ही पाहिल्या आणि त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, “हे आपलं नाही वाटत.” मग लगेच म्हणाला, “पण आपलंच आहे. कापलेली कड माझ्या हातची आहे.”

आईने ऐकलं तेव्हा ती म्हणाली, “जर्मलाचा काय, वाकतलाच. आणि माल आणूक कोणाक पाठवतंस ता तरी बघ.” मी तिला गप्प केलं. पण विचार मनात आला तो आलाच. मालाची पारख त्याची, खरेदी त्याची. मी कुर्ल्याला एकदाही गेलेलो नाही. दाराशी चांगले आणि मागे, जिथे कुणी बघत नाही तिथे, वाईट. हे असं आपोआप कसं होईल?

मी त्याच्यावर संशय घेतो आहे असं नाही. फक्त विचार करतो आहे.

१२ सप्टेंबर

भट्टीनेच दांडे बिघडले असतील, असं कोंडीराम म्हणतो. म्हटलं, मग तपासू. उरलेल्या नळीचा एक दांडा मी स्वतः कापला, माझ्या हाताने त्याच्यावर पंचने खूण ठोकली. वागळ्यांची मिनतवारी करून तो भट्टीत मागच्या भिंतीला टांगला आणि एक पाळीभर आत ठेवला. निवल्यावर गाळ्यावर आणला. एक टोक व्हाइसमध्ये आवळलं, दुसऱ्या टोकाला तराजूची वजनं टांगत गेलो. वजन काढल्यावर दांडा सरळ झाला तर तो टिकला. वाकलेलाच राहिला तर तिथे त्याची ताकद संपली.

न तापवलेला जिथे वाकून राहिला, तिथे तापवलेला सरळ होत होता. आणखी वजन टांगलं तरी सरळ. पुन्हा केलं. तेच.

भट्टीतून निघालेला दांडा आधीपेक्षा जास्त मजबूत!

कोंडीराम वजनांकडे बघत राहिला. म्हणाला, मला कळत नाही. मला मात्र आता कळलं असं वाटलं. उष्णतेने धातू बिघडत नाही, उलट सुधारतो. मग जे वाकले ते पहिल्यापासूनच वेगळे होते.

दांडा परत भट्टीत टांगून आलो. कोंडीरामचाच हट्ट, आणखी राहू दे म्हणाला. मी वाद घातला नाही.

१५ सप्टेंबर

आज बोललो. ठरवून बोललो नाही, तोंडून गेलं. विचारलं, सगळा माल एकाच भंगारवाल्याकडचा होता का. तो म्हणाला, हो. मी म्हटलं, नक्की?

तो हातातली कानस ठेवून माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “गुणा, तुला जे विचारायचंय ते विचार.”

मी विचारलं. साधा जर्मल मिसळलास का, असंच विचारलं. त्याने नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. म्हणाला, माटुंग्याच्या कॉलेजात धातू शिकवणारे आगाशे म्हणून सर आहेत, त्यांच्याकडे चल, दोघे जाऊ. मी म्हटलं, माझा मेहुणा इस्पितळात आहे, मला कॉलेजात जायला वेळ नाही. त्याने आपली कानस, कंपास आणि डेपोतला हातोडा फडक्यात गुंडाळला आणि गेला. दार हळूच लावलं.

त्याने ‘नाही’ एवढं म्हटलं असतं तरी मी मानलं असतं. बहुतेक मानलं असतं.

२० सप्टेंबर

वागळ्यांनी बोलावलं. भट्टीवरची माणसंही तिथेच उभी होती. वागळे म्हणाले, जबाबदारी कुणाची? मी म्हटलं, माल कोंडीरामने आणला होता. एवढंच म्हटलं. त्यात खोटं काही नाही. वागळे म्हणाले, अस्सं. माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण म्हणाला, त्यांच्याकडून दुसरं काय होणार. मी निघालो, मला उशीर होत होता.

कुशाबाची दोन बोटं काढली.

१६ ऑक्टोबर

परवा दसरा झाला. व्हाइसला फुलं मी एकट्यानेच वाहिली. नायगावची चाळ रिकामी आहे म्हणतात, सगळे नागपूरला गेले, धर्म बदलायला. कोंडीराम आणि मीराबाईही. तो याबद्दल वर्षभर बोलत होता, माझं लक्ष नव्हतं. आई म्हणाली, आता ते कोण झाले? मी म्हटलं, बौद्ध. ती म्हणाली, म्हणजे आता हातात हात घालूक होयो काय? तिने खरंच विचारलं होतं.

७ नोव्हेंबर

आज जे झालं ते नीट लिहून काढतो, म्हणजे मला तरी समजेल.

वागळ्यांच्या माणसाने एक दांडा आणून टाकला. दिवाळीच्या साफसफाईत मागच्या भिंतीला लटकलेला सापडला. मी विसरूनच गेलो होतो. माझ्या पंचची खूण त्यावर आहे. मीच कापलेला, मीच टांगलेला. याच्यावर एकही खाट कधी टांगली नव्हती, नुसता तापत होता, दोन्ही पाळ्या, तेव्हापासून.

सवयीने गुडघ्यावर दाबला. वाकला.

खाली ठेवला, पुन्हा उचलला. खूण पाहिली. नख लावून पाहिली. व्हाइसमध्ये आवळून वजनं टांगली. पहिल्या काही वजनांतच तो वाकून राहिला. हाच दांडा, ज्याने त्या दिवशी सगळ्यांना मागे टाकलं होतं. याला कुणी बदललेला नाही, कोंडीराम तर त्या बाजूला फिरकलाही नाही. मग उष्णतेने मजबूत केला की दुबळा केला? एकच गोष्ट एकाच वस्तूला दोन्ही कशी करेल?

जेवण गेलं नाही. आई म्हणाली, ताप आहे का.

१० नोव्हेंबर

दांडा कागदात गुंडाळून माटुंग्याला गेलो. आगाशे सर धोतर-कोटातले, बोलताना खडू हातात फिरवतात. मला वाटलं हाकलतील. त्यांनी बसवलं, सगळं ऐकलं आणि पहिलं विचारलं, “भट्टीत मागे किती तापतं?” मी म्हटलं, दारावर काटा आहे. ते म्हणाले, दारावरचा काटा दाराचं सांगतो. दुपारी स्वतः काळाचौकीला आले, मागच्या भिंतीला आपलं तापमापक लावलं. मागे दोनशे अंशांच्या पुढे होतं. दारापाशी त्यापेक्षा बरंच कमी.

मग त्यांनी समजावलं, ते माझ्या शब्दांत लिहितो. या धातूत जे तांबं असतं ते आत अगदी बारीक बारीक कणांनी विखुरलेलं असतं, डोळ्याला न दिसणारं. धातू वाकतो म्हणजे त्याचे थर एकमेकांवरून घसरतात. ते कण घसरणं अडवतात. सर म्हणाले, गल्लीगल्लीच्या तोंडाशी दोन-दोन पोलीस उभे असले की मोर्चाला कुठूनच निघता येत नाही. थोडा वेळ तापवलं तर ही नाकाबंदी आणखी पक्की होते, म्हणून तुमचा दांडा एका पाळीनंतर मजबूत निघाला. पण तसंच आठवडेच्या आठवडे, महिनेच्या महिने तापत ठेवलं तर कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि थोडेच उरतात. सगळे पोलीस जाऊन दोन चौक्यांत बसले, गल्ल्या मोकळ्या. मोर्चा निघाला.

मला समजलं, पण त्यांच्या सांगण्यात पोलीस चांगले आणि मोर्चा वाईट झाला, तिथे माझा थोडा गोंधळ झाला. सर हसले, म्हणाले, उदाहरण उलटं धरा हवं तर.

मी विचारलं, संप-हरताळात भट्टी बंद होती, दांड्यांना विश्रांती मिळाली, तेव्हा ते सावरले नाहीत का? ते म्हणाले, नाही. थंड झाल्याने फक्त पुढचं थांबतं, झालेलं परत येत नाही. आज तापलं, उद्या तापलं, ते सगळं साठत जातं. मग मला बर्फाची गोष्ट आठवली आणि तीही विचारली. सर म्हणाले, अगदी बरोबर, कुणी सांगितली तुम्हाला?

मी म्हटलं, माझा भागीदार. होता, असं म्हणायचं राहिलं.

निघताना ते म्हणाले, दारापाशी जे दांडे अजून लागले आहेत तेही जातील, थोडे उशिरा. काढा ते.

११ नोव्हेंबर

वागळ्यांना सांगितलं. भट्टीवरची माणसं मुद्दाम बोलवायला लावली आणि त्यांच्यासमोर सांगितलं, माल चांगला होता, जागा चुकली. विमानाचं हाड आम्ही भट्टीत टांगलं. कोंडीरामने काही बदललं नव्हतं. त्याने भट्टी किती तापते असं मला पहिल्या दिवशी विचारलं होतं आणि मी न बघता उत्तर दिलं. वागळे म्हणाले, “मग त्या दिवशी त्याचं नाव का घेतलंत?”

मी म्हटलं, माल त्यानेच आणला होता. ते वाक्य मला पहिल्यांदाच कानाला वेगळं लागलं.

कारखान्याची निकड अशी की सगळे लोखंडी दांडे पुरत नाहीत, त्यामुळे नवे होईपर्यंत दारापाशी आमचे ठेवणारच म्हणतात. मी पोलादी पोकळ नळीचे करून देतो म्हटलं. एकट्याने किती दिवस लागतील कोण जाणे.

१८ नोव्हेंबर

नायगावला दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा कोंडीराम बाहेर. आज मीराबाई म्हणाली, कामाच्या शोधात असतात. परळच्या एका मोटार वर्कशॉपात त्याला ठेवायचं ठरलं होतं, मग तिथे कुणीतरी विचारलं, खाटांच्या कारखान्यात माल बदलणारा तूच ना. तिथून परत पाठवला. दुसरीकडेही तसंच. तिने हे सांगताना माझ्यावर काही ठपका ठेवला नाही. मला वाटतं तिला कळलेलं नाही ही बातमी कशी पसरली.

मलाही नीट कळत नाही. मी एकच वाक्य बोललो होतो.

तिने चहा विचारला. मी घेतला. तिने कप बशीसकट माझ्या हातात दिला.

७ डिसेंबर

बाबासाहेब गेले. आज दादरला एवढी माणसं होती की रस्ता दिसत नव्हता, आणि एवढ्या माणसांत एवढी शांतता मी कधी ऐकली नाही. मधेच एकदम हुंदका उठायचा नि पसरत जायचा. मी का गेलो ते मला सांगता येत नाही. आईला म्हटलं, काम आहे.

कोंडीराम दिसला. अनवाणी, पांढऱ्या सदऱ्यात, कुणाच्या तरी म्हाताऱ्याला खांद्याला धरून चालत होता. माझ्यापासून दहा हातांवर. मी हाक मारली नाही. आपलं दांड्यांचं घेऊन आज त्याच्यापुढे कसा जाऊ?

गर्दी पुढे सरकली, तिच्याबरोबर मीही चौपाटीपर्यंत चालत गेलो.

२३ डिसेंबर

आज तो घरी भेटला. आगाशे सरांचं सगळं सांगितलं, पोलिसांच्या उदाहरणासकट. बर्फाचं खरं आहे म्हटलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. मधे दोन प्रश्न विचारले, दोन्ही धातूचे. किती तापलं, किती दिवसांत. क्षणभर आम्ही पूर्वीसारखे बसलो आहोत असं वाटलं.

मग मी म्हटलं, माझी चूक झाली, मला तसं वाटलं नव्हतं, पण सगळं तसं जुळत गेलं.

तो म्हणाला, “धातूचं सरांनी सांगितलं. आता तू एक सांग. माझ्यावर संशय तुला दांडा वाकल्यावर आला, की आधीपासून होता आणि दांडा वाकल्यावर दिसला?”

मी पुन्हा आगाशे सरांचं सांगू लागलो आणि मधेच थांबलो. मीराबाई आत भांडी घासत होती, तीही थांबली होती.

शेवटी तोच म्हणाला, दारापाशी अजून आपले दांडे आहेत ना? मी हो म्हटलं. तो म्हणाला, नवे होईस्तो येतो. त्यांच्याखाली माणसं उभी राहतात. तेवढंच. भागीदारी नको.

६ जानेवारी १९५७

तो सकाळी येतो, काम करतो, जातो. पोकळ पोलादी नळी, दोन्ही टोकांना बूच, आकड्यांना खाचा. हे दांडे ड्युराल्युमिनपेक्षा जड आहेत, पण लोखंडाच्या निम्मेही नाहीत. या वेळी आगाशे सरांना आधी दाखवले. तेवढ्या उष्णतेला हे वर्षानुवर्षं जुमानणार नाहीत म्हणाले.

आम्ही कामापुरतं बोलतो. त्याचा डबा तो वेगळा बसून खातो. आधी मला वाटलं रागाने, मग लक्षात आलं की पूर्वीही तो वेगळाच बसायचा, दाराकडे. मी कधी विचारलं नव्हतं. आज माझा डबा घेऊन त्याच्या बाजूला बसलो. तो थोडा सरकला. जागा द्यायला सरकला की लांब जायला, ते कळलं नाही.

कुशाबा काठी घेऊन चालतो. वागळ्यांनी त्याला स्टोअरमध्ये घेतलं. त्याने कोंडीरामशी हात मिळवला, माझ्यादेखत. शेवंती माझ्याशी पहिल्यासारखी बोलते, पण ‘दादा’ म्हणायच्या आधी किंचित थांबते.

२ फेब्रुवारी

सगळे दांडे लागले. आमचे जुने झाडून सारे काढून आणले. कोंडीरामने हातोडा आणि कानस फडक्यात गुंडाळली. मी म्हटलं, राहिलास तर बरं होईल. तो म्हणाला, नायगावला मी एक खोली घेतलीय. मग जाताना वळून म्हणाला, काढलेले दांडे टाकू नकोस, पण कुणाला विकूही नकोस. मऊ आहेत हे सांगितल्याशिवाय विकू नकोस.

१० मार्च

निवडणुकीची धामधूम. समितीच्या पोस्टरांनी गाळ्याचं दार बुजलं आहे. सगळे विचारतात, आता तरी मुंबई मिळेल का.

मी नायगावला गेलो. निमित्त काही नव्हतं. कोंडीरामची खोली रस्त्याला लागून आहे, दारावर पाटी अजून नाही. तो विजेच्या खांबांवर चढणाऱ्यांसाठी लांब शिड्या करतो आहे, ड्युराल्युमिनच्याच. म्हणाला, उघड्यावर, थंड जागी याच्यासारखा धातू नाही. शिडी एवढी लांब की तिचं अर्धं अंग रस्त्यावर आलेलं, आणि रिव्हेट मारताना दुसरं टोक उडत होतं.

मी दाराशी उभा राहिलो. आत ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. मी विचारलं, अजून राग आहे का तुझ्या मनात.

त्याने हातोडा थांबवला.

“आहे,” तो म्हणाला. “ते टोक धर.”

मी रस्त्यावर उतरलो आणि टोक धरलं. तो रिव्हेट मारत गेला, प्रत्येक घाव माझ्या तळहातापर्यंत येत होता. त्याने मला माफ केलं की त्याला नुसता दुसरा माणूस हवा होता, हे मला शिडी पूर्ण झाली तरी कळलं नाही. संध्याकाळ होईपर्यंत मी तिथेच होतो.